पौषातले मैदान

मार्गशीर्ष सरून पौष लागतो तेव्हा पुण्यात मुळा-मुठेच्या काठावरील मांजरीत थंडी नदीच्या पात्राकडून वर चढते, उसाच्या पाचटावर दव धरते, गावठाणापासून नव्या गृहसंकुलांपर्यंत पसरते आणि ऊन चांगले वर येईपर्यंत तेथून हलत नाही. याच दिवसांत मांजरी-हडपसर भागातील मैदानांवर कबड्डी, खो-खो, धावणे आणि क्रिकेट यांचा सराव रंगात आलेला असतो, आणि दरवर्षी घरोघरी तोच प्रश्न उभा राहतो की, अंगावरची गोधडी ओढून काढून मुलांना अशा गारठ्यात मैदानावर पाठवावे, की थंडी ओसरेपर्यंत सरावच बंद ठेवावा. पाठवावे, हे त्याचे उत्तर; मात्र कोणत्या घटकेला पाठवावे, हा त्यातला अधिक अवघड भाग आहे.

पुण्यात जानेवारीतील किमान तापमानाची सरासरी ११ ते १२ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि त्याच दिवशी दुपारी पारा ३० अंशांजवळ जातो. शहराच्या नोंदीतील नीचांक १.७ अंशांचा असून तो १७ जानेवारी १९३५ या दिवशीचा आहे. हवामान खात्याच्या व्याख्येनुसार मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून खाली आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असेल, तर त्या स्थितीला थंडीची लाट म्हणतात. म्हणजे पुण्यात पारा सातच्या आसपास उतरल्याशिवाय ती घोषणा होत नाही, आणि असे दिवस हिवाळ्यात थोडेच असतात. क्रॉस-कंट्री स्कीइंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांत शर्यत पुढे ढकलण्याची मर्यादा उणे २० अंशांची आहे, हे लक्षात घेतले तर नऊ-दहा अंशांच्या पहाटेला घातक म्हणणे अवघड जाते. शिवाय एकाच शहरात थंडी सारखी नसते: मगरपट्ट्यासारख्या दाट बांधकामाच्या भागात सिमेंट आणि डांबर दिवसभराची उष्णता साठवून रात्री हळूहळू सोडतात, ज्याला शहरी उष्णतेचे बेट म्हणतात, तर तेथून काही किलोमीटरवर मांजरीच्या मोकळ्या शेतांत आणि नदीकाठी तीच रात्र अधिक बोचरी होते.

या गावाला थंडीचा अभ्यास नवा नाही. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या दोन्ही संस्था मांजरीतच आहेत, आणि दोन्ही पिकांचे थंडीशी नाते वेगवेगळे आहे. वाढ पूर्ण झालेल्या उसाला गार रात्री मानवतात, कारण वाढ मंदावते आणि कांड्यांत साखर साठू लागते. उलट ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर मणी धरलेल्या द्राक्षवेलीला तीच थंडी जाचते, मण्यांची फुगवण अडते, आणि रात्र व दिवस यांच्या तापमानातील तफावत फार वाढली की हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा चढून मालाचा भाव उतरतो. म्हणून पारा घसरला की द्राक्षबागायतदार रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून जागतो, आणि ऊस उभा असलेला त्याचा शेजारी निश्चिंत झोपतो. वाढीच्या कोणत्या टप्प्यावर थंडी गाठते, यावर तिचा परिणाम ठरतो, आणि मैदानावरच्या मुलांनाही हे लागू पडते.

लहान मुलाच्या शरीरात वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्या माणसापेक्षा अधिक असते, त्यामुळे त्याची उष्णता लवकर निघून जाते. आठ वर्षांचे मूल आपल्या पाळीची वाट पाहत रांगेत उभे राहिले की गारठते, तर सोळा वर्षांचा धावपटू त्याच हवेत दोन फेऱ्यांनंतर स्वेटर काढून ठेवतो. थंड स्नायूंचे आकुंचन मंद असते आणि त्यांना ताण सोसत नाही, म्हणून हलके धावणे आणि सांधे मोकळे करणे यांना हिवाळ्यात अधिक वेळ द्यावा लागतो, आणि सराव संपताच घामेजलेल्या अंगावर कोरडा कपडा चढवावा लागतो. दम्याची प्रवृत्ती असलेल्या मुलांची गोष्ट अधिक नाजूक आहे: जोराने धावताना श्वास तोंडाने घेतला जातो, थंड आणि कोरडी हवा श्वासनलिकांच्या अस्तरातील ओलावा ओढून घेते, नलिका आकसतात आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागतो. अशा मुलाला डॉक्टरांनी दिलेला पंप खिशात असावा आणि त्याने थांबण्याची परवानगी मागताच ती मिळावी, ही प्रत्येक प्रशिक्षकाची जबाबदारी आहे. गारव्यात खेळल्याने सर्दी होते, हा समज मात्र तितकासा खरा नाही. सर्दी विषाणूंमुळे होते, आणि ते बंद खोलीत दाटीने बसलेल्या मुलांत अधिक सहज पसरतात.

परंपराही हिवाळ्याच्या बाजूने उभी आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात व्यायामासाठी शीतकाळ आणि वसंत हे ऋतू योग्य मानले आहेत, पण तो व्यायाम अर्ध्या शक्तीने, म्हणजे दमछाक होण्याच्या बऱ्याच अलीकडे थांबून, आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या बलवानाने करावा असे सांगितले आहे. व्यायाम वर्ज्य असणाऱ्यांत तेथे वृद्ध आणि अजीर्णाने त्रस्त माणसांबरोबर बालकाचाही उल्लेख आहे. तालमींनी यातला पहिला भाग मनापासून उचलला आणि पहाटेच्या मेहनतीला जवळजवळ व्रताचे रूप दिले. लाल मातीत घाम गाळणाऱ्या पोराच्या पोटात दूध, तूप आणि बदाम पडतील याची काळजीही त्यांनीच वाहिली. आज मैदानावर पहाटेची वेळ तेवढी उरली आणि खुराक गळाला, ही खेदाची गोष्ट आहे, कारण उपाशीपोटी कुडकुडत धावणाऱ्या मुलाला थंडी बळ देत नाही. राज्याचे क्रीडाजीवनही याच ऋतूभोवती फिरते: खाशाबा जाधवांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा राज्य क्रीडा दिन आहे, बालेवाडीचे क्रीडासंकुल ज्यांच्यासाठी उभे राहिले त्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा जानेवारी १९९४ मध्ये झाल्या, आणि २०१९ च्या जानेवारीत देशभरातील १७ आणि २१ वर्षांखालील खेळाडू खेलो इंडिया युवा स्पर्धांसाठी त्याच संकुलात उतरले. हिवाळा गाळला तर उरतो तो मे महिन्याचा उन्हाळा, आणि कोवळ्या शरीराला तो कितीतरी अधिक धोक्याचा आहे.

तरीही पहाटेच्या सरावावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो थंडीपेक्षा हवेचा आहे. हिवाळ्याच्या निरभ्र, निवांत रात्री जमीन लवकर निवते, तिच्या लगतची हवा तिच्याहून वरच्या हवेपेक्षा गार आणि जड होते, आणि नेहमीचा क्रम उलटून ऊबदार थर झाकणासारखा वर बसतो. याला तापमानाचा व्युत्क्रम म्हणतात. नदीखोऱ्यात गार हवा उतरून साचते, म्हणून तेथे हे झाकण अधिक घट्ट बसते. आंघोळीच्या बंबांचा धूर, शेकोट्या, जाळलेला कचरा आणि पाचट, सोलापूर रस्त्यावरच्या वाहनांचा धूर, हे सारे त्याखाली कोंडते आणि ऊन तापून हवा ढवळली जाईपर्यंत तेथेच राहते. अडीच मायक्रॉनहून बारीक कण, जे फुप्फुसांच्या तळापर्यंत पोचतात, त्यांची २४ तासांची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे आणि भारतीय मानकात ती ६० आहे. विश्रांतीच्या तुलनेत धावताना कितीतरी पट अधिक हवा छातीत जाते, म्हणजे पहाटेचे धुके समजून ज्यात मुले धावतात त्यातला धूरही त्याच पटीने आत जातो. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या ‘सफर’ या प्रणालीवर हडपसरच्या हवेचा निर्देशांक पाहता येतो, आणि सराव घेणाऱ्यांनी तापमानाआधी तो पाहायला हवा.

जानेवारीत पुण्याचा सूर्य सातनंतर उगवतो आणि दिवसातील सर्वांत कमी तापमान त्याच सुमारास असते, म्हणून साडेपाचचा सराव गारठा, अंधार आणि धूर या तिन्हींना एकाच वेळी सामोरा जातो. तोच सायंकाळी साडेचार ते सहा घेतला, किंवा सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊनंतर, तर बहुतेक अडचणी आपोआप सुटतात. शाळांच्या बाबतीत राज्याने हे मान्य केले आहे: फेब्रुवारी २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने मुलांच्या अपुऱ्या झोपेचा विचार करून पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे सांगितले. ज्या वयाच्या मुलाला वर्गासाठी पहाटे उठवू नये, त्याला मैदानासाठी तरी का उठवावे, हा प्रश्न खेळाच्या वर्गांनी स्वतःला विचारावा.

पण वेळ बदलणे सर्वांच्या हातात नसते. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले १६०० मीटर आणि मुली ८०० मीटर धावण्याचा सराव करतात, आणि त्यांतल्या अनेकांना दिवसा काम असते, म्हणून उजाडण्यापूर्वी मिळेल त्या रस्त्याच्या कडेने, मोटारींच्या प्रकाशझोतात ती धावतात. त्यांना वेळ बदलण्याचा सल्ला देणे सोपे आहे, पण त्यासाठी अंधारानंतरही धावता येईल अशी जागा हवी. २०२१ मध्ये मांजरी बुद्रुक महापालिकेच्या हद्दीत आले असल्याने, कामावरून परतल्यावर धावता येईल असे दिव्यांचे सपाट मैदान आणि तेथे रात्री नऊपर्यंत उघडे राहणारे फाटक मागण्याचा हक्क आता या गावाला आहे.