आकड्याशेजारी पाणी

पक्षीगणनेला नांदूर मध्यमेश्वरला नवीन आलेला माणूस आधी विचारतो, "आज विशेष काय दिसलं?" मला त्याआधी बंधाऱ्याची पातळी हवी असते.

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा हा ब्रिटिशकालीन बंधारा. शंभराहून अधिक वर्षं त्यात गाळ साचत गेला, बेटं झाली, उथळ पाणी पसरलं. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात ही साठवणीची घट. पाणपक्ष्यांना घर दिलं ते याच गाळाने. २०१९मध्ये रामसर या आंतरराष्ट्रीय यादीत गेलेलं महाराष्ट्रातलं हे पहिलं पाणथळ.

इथलं पाणी मात्र एका जागी राहत नाही. गंगापूर, दारणा धरणांतून आवर्तन सुटलं की ते इथे येतं आणि डाव्या-उजव्या कालव्यांनी पुढे शेतांकडे जातं. पातळी वीतभर उतरली तरी चिखलाचा पट्टा उघडा पडतो आणि तुतारी, पाणटिवळे त्यात चोची खुपसू लागतात. पाणी चढलं की चिखल बुडतो, तेही उठतात. त्या दिवशी मोजणारा "तुतारी घटल्या" असं लिहून मोकळा होतो. घटलेला असतो चिखल.

मोजायची रीत सोपी, पण डोळा तयार व्हायला हिवाळे जातात. थव्यातले दहा पक्षी मोजायचे, ते किती जागा व्यापतात हे नजरेत धरायचं, त्यावरून शंभराचं माप बांधायचं आणि ते माप थव्यावरून सरकवत न्यायचं. एक गट चापडगावच्या मनोऱ्यावर, दुसरा मांजरगावच्या बाजूला. सुरुवात एकाच वेळी. शिकारी मार्श हॅरियर घिरट्या घालत आला की हजारो बदकं एकदम उठतात. कुठून उठली, कुठे उतरली आणि किती वाजता, हे टिपलं नाही तर तोच थवा दोन वह्यांत शिरतो.

क्रौंच दिसला की सगळ्या दुर्बिणी तिकडे वळतात. आनंद मलाही होतो. पण माझ्या लेखी वारकरी पक्ष्यांचा आकडा त्याहून मोलाचा. जे नेहमी असतं, ते कमी होताना कुणाच्या लक्षात येत नाही. वहीच ते सांगू शकते.

आशियाई पाणपक्षी गणना १९८७पासून दर जानेवारीत होते. पुढच्या जानेवारीत या. पक्ष्यांची नावं कमी येत असली तरी चालेल. प्रत्येक आकड्याशेजारी पाणी किती होतं आणि चिखल कुठवर उघडा होता, तेवढं नक्की लिहा.