बोटीतली शेजारीण

‘ह्यां’ची रजा आणि माझ्या शाळेची सुट्टी यांचा मेळ एकदाचा बसला आणि आम्ही केरळात जाऊन आलो. (शाळा अर्धवेळच, पण सुट्टी मात्र पूर्ण!) आलप्पुळ्याला, म्हणजे आपण अलेप्पी म्हणतो तिथं, हाऊसबोटीचं भाडं ऐकून ह्यांनी मुकाट्यानं सरकारी बोटीची तिकिटं काढली. फार बरं झालं, असं मला नंतर वाटलं.

दोन्ही काठांना माड, आणि कुट्टनाडची भातशेती तर समुद्रसपाटीच्याही खाली, बांध घालून राखलेली. आपल्या एस.टी.सारखी बोट जागोजागी थांबत होती. माझ्या शेजारी एक साठी उलटलेली बाई बसली. रबरी चपला, विटकी साडी. पिशवीतून वर्तमानपत्र काढलं, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली.

बरोबरची नात नर्सिंग शिकणारी. तिच्या मोडक्या आणि माझ्या त्याहून मोडक्या इंग्रजीत गप्पा झाल्या. आजी काथ्या वळायला जायच्या. शिक्षण सातवी. “माझी आई मात्र म्हातारपणी अक्षरं शिकली,” त्या म्हणाल्या. साक्षरतेच्या मोहिमेतली गोष्ट. 18 एप्रिल 1991 रोजी केरळ पूर्ण साक्षर म्हणून जाहीर झालं, त्याच्या थोडं आधीची.

बी.ए.ला मेहबूब उल हक यांचा 1990 चा मानव विकास निर्देशांक मी मार्कांपुरता पाठ केला होता. नुसतं उत्पन्न मोजू नका, माणूस किती जगतो, किती शिकतो तेही मोजा, असं सांगणारा. पण तिरुवनंतपुरमच्या अभ्यासकांनी तर त्याच्याही आधी, 1975 च्या अहवालात, आपल्या राज्याचं हेच कोडं मांडलं होतं. दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीहून कमी, तरी आरोग्य आणि शिक्षण पुढे! 2020 च्या सरकारी पाहणीत हजार बाळांमागे वर्षाच्या आत दगावणारी केरळात 6, आपल्या महाराष्ट्रात 16, देशात 28. माझ्या आईची दोन बाळं अशीच गेली. तिच्यासमोर हे आकडे मी अजून काढलेले नाहीत.

सगळं छान आहे असंही नाही हं. नात म्हणाली, शिकले तरी इथं नोकरी कुठाय? मामा आखातात, मावशी आखातात. काठावर नवी कोरी घरं दिसत होती आणि दारात नुसती म्हातारी माणसं.

घरी आल्यावर सासूबाईंना केळ्याचे वेफर्स दिले. त्या त्या आजींच्याच वयाच्या. बँकेत अजून अंगठा उठवतात, आणि मी आठवड्यातून तीन दिवस लोकांच्या मुलांना बाराखडी शिकवते. बोटीतली गोष्ट त्यांनी लक्ष देऊन ऐकली. मग म्हणाल्या, “एवढं काय वाचत होती गं ती?”

मला सांगता येईना. ती अक्षरं मला कुठं येतात!