भल्यासाठी मारलं, मग गुन्हा कसा?

आपल्या घरांतून एक वाक्य नेहमी कानावर येते, "मुलाच्या भल्यासाठीच मारलं हो, त्याचं वाईट व्हावं म्हणून नाही." ह्यात खोटे काही नाही. आपल्यापैकी कित्येकांनी आईवडिलांचा मार खाल्ला आहे, आणि तरी आज त्यांची आठवण आपण प्रेमानेच काढतो. पण हे वाक्य इस्राएलच्या कायद्यापुढे कितपत टिकते, हे सर्वांना ठाऊक असायला हवे.

इथल्या फौजदारी कायद्यात गुन्ह्यामागच्या मनःस्थितीला 'महशावा पेलिलित' म्हणतात. शब्द भारी, अर्थ साधा. आपण काय करतोय ह्याची माणसाला जाणीव होती का, हे बहुतेक गुन्ह्यांत पाहिले जाते. ते कशासाठी केले, हा प्रश्न वेगळा. आपण 'हेतू' ह्या एकाच शब्दात दोन्ही कोंबतो, आणि तिथेच घोटाळा होतो.

ह्या बाबतीत मोठा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००० मध्ये दिला. एक आई आपल्या मुलांना चपलेने मारी, थोबाडीत देई. एकदा तिच्या ठोशाने मुलाचा दात तुटला. शिस्त लावण्यासाठी मारले, असे तिचे म्हणणे. न्यायमूर्ती दोरित बेनिश ह्यांनी लिहिले की शिक्षा म्हणून मुलांना मारण्याचा अधिकार आईबापांना नाही. छळाच्या गुन्ह्यातही इजा करण्याचा खास हेतू सिद्ध व्हावा लागत नाही, कृत्याची जाणीव पुरते. ब्रिटिश काळापासून दिवाणी कायद्यात आईबापांना 'वाजवी' माराची जी सवलत होती, तीही क्नेसेतने त्याच वर्षी काढून टाकली. अल्पवयीन मुलाच्या छळाला ७ वर्षांपर्यंत कैद आहे. छळणारा स्वतः पालक असला तर ९ वर्षांपर्यंत.

मग मनाला काहीच किंमत नाही का? आहे की! कलम ३६१ पाहा. सहा वर्षांखालच्या मुलाला नीट देखरेखीशिवाय सोडून त्याचा जीव धोक्यात घातला, तर ३ वर्षे. तेच नुसत्या निष्काळजीपणाने घडले तर १ वर्ष. आणि मुलाला टाकून देण्याच्या हेतूने केले तर ५ वर्षे. कृत्य एकच, पण शिक्षा मनाप्रमाणे बदलते. शिवाय रस्त्यावर धावणाऱ्या पोराला दंड धरून मागे ओढले, तर तो गुन्हा नव्हे. अगदी क्षुल्लक बाबीसाठीही कायद्यात बचाव ठेवलेला आहे.

काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका बाईंबरोबर मी सोशल वर्करकडे गेले होते. मुलाच्या पायावर वळ दिसले म्हणून शिक्षिकेने कळवले होते. बाईंना हिब्रू बेताचेच येई, म्हणून मी दुभाषी. त्या रडत म्हणाल्या, "सांग त्यांना, मी वैरीण आहे का त्याची?" मी सांगितले. सोशल वर्कर शांतपणे म्हणाली, "तुमचं प्रेम आहे ते दिसतंय. पण वळ मुलाच्या पायावर आहेत." प्रकरण पुढे समुपदेशनावर मिटले. बाईंचा राग मात्र शिक्षिकेवरून जाईना.

शिक्षिकेचा तरी काय दोष? १९८९ च्या दुरुस्तीने मुलावर पालकाकडून गुन्हा झाल्याचा सबळ संशय आला, तर कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. शिक्षक, डॉक्टर, नर्स ह्यांनी न कळवल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे शेजारी म्हणून तुम्हीआम्हीही त्यात आलोच.

आपले वडीलधारे मिशलेतल्या काठीचा दाखला देतात. पण मोठ्या झालेल्या मुलाला मारणाऱ्या बापाला तल्मुदातही दोष दिला आहे. तो आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवतो, असे मानले आहे.

मला विचाराल तर कायद्याने आईच्या प्रेमावर शंका घेतलेली नाही. मुलाच्या अंगाला प्रेमाचा मार आणि रागाचा मार सारखाच लागतो, एवढेच तो म्हणतो. पोर अगदीच ऐकेनासे झाले, तर शाळेच्या योएत्सेतशी बोला, तान्ह्यांसाठी तिपत हलावच्या नर्सला विचारा. भाषेची अडचण असेल तर आपल्यातल्या कोणाला तरी सोबत न्या. मदत मागण्यात कमीपणा नाही.