आजी, माजी, भावी

आमच्या भंडाऱ्याकडच्या एका कॉलेजच्या मुलींच्या कबड्डी संघाची मी वही ठेवतो. तिचे तीन भाग: आजी, माजी, भावी.

आजींचं सोपं. मैदानात सात जणी, 30 सेकंदांची चढाई, विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. भावींसाठी हिंडावं लागतं. धानकापणी आटोपली की लाखनी-साकोलीकडच्या गावांत सामने लागतात. नववीतली एखादी पोर चढाईवाल्या मुलीचा घोटा धरते आणि सोडतच नाही. तिचं नाव लिहून घेतो.

अवघड आहेत माजी. मुलांचा माग लागतो. कोणी पोलिसात, कोणी शेतीत. मुलींचं लग्न झालं की गाव बदलतं, आडनाव बदलतं. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण प्रमाणपत्रावरचं नाव माहेरचं आणि ते कागदही बहुधा माहेरच्याच पेटीत. 2010 मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत महिला कबड्डी पहिल्यांदाच आली, भारतानं सुवर्ण जिंकलं. आमच्या माजींपैकी कितीजणींनी ते पाहिलं असेल?

यंदा पवनीकडे एका मुलीचं नाव भावींत घेतलं. सहज तिच्या आईचं माहेरचं नाव विचारलं. ते माझ्या 2004 च्या पानावर होतं. त्यापुढे आता नवं आडनाव आणि गाव लिहिलंय.