मक्षिकास्थाने

‘मक्षिकास्थाने मक्षिका’ हा वाक्प्रचार मराठीच्या अध्यापकांना फार उपयोगी पडतो. जुन्या पोथीच्या पानांत चिरडलेली माशी दिसली, म्हणून नव्या प्रतीतही नेमक्या त्याच ओळीवर एक माशी मारून चिकटवणाऱ्या लेखनिकाची ती गोष्ट. शब्दशः केलेले भाषांतर, परक्या वाङ्मयप्रकाराची नक्कल, गाईडमधून उतरवलेले उत्तर या सर्वांवर एकदम शेरा मारायचा, तर इतका आटोपशीर शब्दप्रयोग दुसरा नाही. आम्ही दोघेही गेली अठरा वर्षे पदव्युत्तर वर्गांना मराठी शिकवतो आणि हा शेरा आम्ही सढळ हाताने वापरत आलो आहोत. गेल्या दोन वर्षांत मात्र त्या लेखनिकाविषयी आमचे मन थोडे मऊ झाले आहे. कारण या काळात आम्ही खरोखरच माश्या बनवायला शिकलो.

नारायण पेठेत, केसरीवाड्यापासून चालत पाच मिनिटांवर, एका जुन्या वाड्याच्या माडीवर गळाने मासे धरणाऱ्या हौशी मंडळींचा एक लहानसा गट रविवारी सकाळी जमतो. सातआठ माणसे, एक लांब टेबल, चार दिवे. शिकवणारे काका पंचाहत्तरीच्या पुढचे. तरुणपणी नोकरीच्या निमित्ताने काश्मीरमध्ये असताना ते ट्राउट माशाच्या नादी लागले आणि तिथेच गळावर माशी बांधायला शिकले. माशी म्हणजे किड्याचे सोंग. गळाच्या दांड्यावर दोरा, पीस, लोकर, जर यांचे वेढे देऊन असा काही आकार उभा करायचा, की पाण्यातल्या माशाला तो खाण्याजोगा जीव वाटावा. ही कला जुनी आहे. इसवी सनाच्या दोनशेच्या सुमारास ईलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या एका नदीवर तांबडी लोकर आणि कोंबड्याची पिसे गळाला बांधणाऱ्या लोकांचे वर्णन करून ठेवले आहे.

नारायण पेठ आणि मासेमारी हा योग अनेकांना विनोदी वाटतो. त्यांच्यासाठी आम्ही एक व्युत्पत्ती तयार ठेवली आहे. ‘आमिष’ या शब्दाचा मूळ अर्थ मांस. म्हणूनच जेवण सामिष किंवा निरामिष असते. गळाला लावायचे ते मांस, म्हणून गळाला लावायचे ते आमिष आणि पुढे कोणताही मोह म्हणजे आमिष, असा त्या शब्दाचा प्रवास. पिसांची माशी हे त्या हिशेबाने निरामिष आमिष ठरते. पेठेला त्यात आक्षेप घेण्यासारखे काही नाही. असो.

सामानही जवळपासच मिळते. जर आणि रेशमी दोरा लक्ष्मी रस्त्यावर, केसासारखी बारीक तांब्याची तार बोहरी आळीत, कोंबड्याच्या मानेची पिसे कॅम्पातल्या शिवाजी मार्केटातून. मोराचे गळून पडलेले पीस देशात बाळगता येते. त्याच्या दांडीला दोन्ही बाजूंनी फुटलेले हिरवट तंतू तर जगभरच्या माशी बांधणाऱ्यांचे लाडके. आपल्याकडे ज्या पिसाने वासुदेवाची टोपी होते, त्याच्या एका तंतूने गळावर किड्याचे पोट होते. तंतू ओला झाला की त्यातले हिरवे-तांबूस तेज हलते, आणि पोटात जीव असल्याचा भास होतो.

बांधण्याची रीत सांगायला सोपी आहे. गळ व्हाइसमध्ये घट्ट धरायचा. नेढ्याच्या थोडे मागे दोऱ्याचे वेढे सुरू करायचे आणि ते वाकणापर्यंत न्यायचे. तिथे शेपटीचे दोनतीन तंतू बसवायचे, मग पोट, त्यावर तारेचे सैल वळसे, आणि शेवटी मानेचे पीस. हे पीस दांडीवर आडवे गुंडाळले की त्याचे केस चहूबाजूंनी किरणांसारखे उभे राहतात आणि माशी त्यांच्या टोकांवर पाण्यात न बुडता तरंगते. शेवटची गाठ नेढ्याशी. दोऱ्याचा प्रत्येक वेढा वजन वाढवतो, म्हणून एक वेढा कमी पुरत असेल तर तो द्यायचा नाही. गळाचा काटा चिमट्याने दाबून सपाट करायचा, म्हणजे मासा इजा न होता सोडता येतो. हा शेवटचा नियम काकांच्या टेबलावर सर्वांना सक्तीचा आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी खरे तर काकांचे पुढचे बोलणे ऐकायला हवे. ‘‘माशी माणसासाठी बांधू नका,’’ असे ते पहिल्याच दिवशी म्हणाले. पाण्यातून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे जग डोक्यावरच्या एका गोल झरोक्यातून दिसते. झरोक्याबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा असतो आणि त्यात तळाचेच प्रतिबिंब पडते. म्हणजे तरंगणाऱ्या माशीचे माशाला आधी दिसतात ते पाण्यावर पडलेले पायांचे खळगे, आणि मग उजेडासमोरची काळपट आकृती. पाठीवरची रंगसंगती, पंखांवरची नक्षी हे सारे वरून पाहणाऱ्यांसाठी. काही माश्यांवर पांढरा तुरा असतो. तो तर गळ टाकणाऱ्याला आपली माशी कुठे आहे हे दिसावे एवढ्याचसाठी. एकाच कृतीत वाचकासाठी काय आणि लेखकाच्या स्वतःच्या सोयीसाठी काय, याची इतकी स्वच्छ वाटणी आम्ही दुसरीकडे पाहिलेली नाही. व्हिक्टोरियन काळातल्या साल्मन माशाच्या आमिषांचे एक रंगीत चित्र आम्ही काकांना दाखवले. पंधरावीस जातींची पिसे एकावर एक रचलेली होती. काकांनी ते लांब धरून पाहिले आणि म्हणाले, ‘‘मास्तर, यात विशेषणं फार आहेत.’’

या क्षेत्रातही वास्तववादाचा वाद होऊन गेला आहे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक हॅल्फर्ड यांनी १८८६ साली तरंगत्या माश्यांवर ग्रंथ लिहिला. पाण्यावर जो किडा आहे त्याचीच हुबेहूब प्रतिकृती करावी आणि तीही तरंगतीच असावी, असा त्यांच्या अनुयायांचा दंडक झाला. जी. ई. एम. स्क्यूज यांनी १९१० सालच्या पुस्तकात पृष्ठभागाखालच्या, अजून पंख न फुटलेल्या किड्याचा पक्ष घेतला. हा वाद इतका चिघळला, की १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात त्यावर रीतसर चर्चा ठेवावी लागली. त्याच्याही आधी, १८५७ साली, डब्ल्यू. सी. स्ट्युअर्ट यांनी स्कॉटलंडमधल्या ओढ्यांवरच्या ज्या माश्यांचा पुरस्कार केला, त्यांत एक दोरा आणि एक मऊ पीस यांपलीकडे जवळजवळ काही नसे. त्या कोणत्याच एका किड्यासारख्या दिसत नाहीत, पण पाण्यात गेल्या की अनेक किड्यांसारख्या हलतात. आनंदवर्धनाचा ध्वनिविचार शिकवताना वाच्य आणि व्यंग्य यांतला फरक फळ्यावर मांडणे नेहमीच अवघड जाते. आता आम्ही वर्गात दोन माश्या घेऊन जातो.

इथवर सगळे आनंदाचे होते. अडचण पुढे सुरू झाली. आम्ही बांधत होतो त्या माश्या कोणाच्या? मार्च ब्राउन हा इंग्लंड-स्कॉटलंडच्या नद्यांवर वसंतात उडणारा किडा. हॅल्फर्डच्या माश्या दक्षिण इंग्लंडच्या चुनखडीच्या नद्यांवरच्या. साल्मनच्या आमिषांना जे पिवळसर, मेणासारखे चकाकणारे ठिपके लागत, ते तर आपल्या सह्याद्रीतल्या राखाडी रानकोंबड्याच्या मानेचे. तो पक्षी इथला, त्याचे पीस स्कॉटलंडला गेले आणि तिथून ‘जंगल कॉक’ या नावाने कृती होऊन पुस्तकातून नारायण पेठेत परत आले. आज तो रानकोंबडा कायद्याने संरक्षित आहे. आम्ही कोंबडीच्या पिसावर नखपॉलिशचा थेंब देतो. पण मूळ प्रश्न त्याने सुटत नाही. जो किडा इथल्या पाण्यात नाही, त्याची नक्कल इथल्या कोणत्या माशाने वाचायची? साहित्याच्या वर्गात देशीयतेवर तासन्‌तास बोललेल्या माणसांना हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता.

म्हणून आम्ही इथल्या माशांची नावे शोधू लागलो, आणि ती आम्हांला सापडली लॅटिनमध्ये. मुंबई सरकारच्या सैन्यातले अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या माशांवरचे आपले काम १८३९ साली प्रसिद्ध केले. नव्या जातींना नावे देताना त्यांनी अनेकदा कोळ्या-भोयांच्या तोंडचा शब्दच घेतला. त्यामुळे आजही जगभरच्या मत्स्यशास्त्राच्या ग्रंथांत खुद्री, कोलस, मुल्या, फुलंगी, बोगट, पोटेल, सिंघाला अशी नावे आहेत. त्यांतला खुद्री म्हणजे आपला निळ्या परांचा महसीर. त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन झाले ते पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. नदीचे नाव साइक्स यांनी ‘मोटा मोला’ असे लिहिले आहे. परक्या कानाने ऐकलेली मराठी कशी असते याचा तो नमुना म्हणावा. हीच रीत पुढे मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी चालवली. कोल्हापूरच्या पंचगंगेतल्या एका माशाला १९५२ साली त्यांनी दिलेले जातिनाम आहे ‘खवलचोर’. तो दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खातो. एका शब्दात एवढे निरीक्षण साठवणाऱ्या भाषेचे आम्ही अध्यापक, आणि यांतले शिंगाळा सोडून एकही नाव आमच्या वर्गातल्या कोणा विद्यार्थ्याने ऐकलेले नव्हते.

काकांच्या ओळखीने आम्ही भोई समाजातल्या एका वृद्ध गृहस्थांकडे गेलो. साइक्सची यादी आम्ही मोठ्याने वाचत होतो आणि ते डोळे मिटून ऐकत होते. काही नावांवर त्यांनी मान डोलावली, काही नावे दोनदा म्हणायला लावली, एकदोनदा आमचा उच्चार सुधारला. बाकीच्यांवर गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘आमचे आजे म्हणायचे यातली. मासाच दिसंना, तर नाव कुणाला सांगायचं?’’ कोशशास्त्रावरची बरीच व्याख्याने आम्ही ऐकली आहेत. शब्द कसा मरतो हे इतक्या थोडक्यात कोणी सांगितले नव्हते.

त्या हिवाळ्यात काकांनी गटाला मुठेच्या वरच्या अंगाला, टेमघरच्या बाजूच्या एका ओढ्यावर नेले. गळ घरीच ठेवायला सांगितले होते. ओढ्यातला एकेक दगड उचलून पालथा करायचा, खालच्या बाजूला काय चिकटले आहे ते पाहायचे आणि दगड होता तसा परत ठेवायचा, एवढेच काम. दगडाखाली चपट्या अंगाचे, तीन लांब शेपट्यांचे बाळकिडे होते. पंख फुटल्यावर ते जेमतेम दिवस-दोन दिवस जगतात. वाळूचे कण रेशमासारख्या धाग्याने जोडून स्वतःभोवती नळी बांधणाऱ्या अळ्याही होत्या. गटाने तिथल्या तिथे बारसे केले. पहिली ‘तीनशेपटी’. दुसरी, घर पाठीवर घेऊन फिरते म्हणून, ‘बिऱ्हाडी’. काठावर एक उंबर होता. महसीर कुळातले मासे पाण्यात पडलेली फळेही खातात. तेव्हा काकांनी तांबड्या लोकरीचा गोळा कातरून गळावर एक पिकले उंबरही बांधले. मक्षिकेच्या स्थानी उंबर. हॅल्फर्डच्या अनुयायांनी हे चालवून घेतले नसते.

मासा लागला का, असे सगळे विचारतात. पुढच्या खेपेला, रीतसर परवानगी काढून, लागला. उंबराला नव्हे, बिऱ्हाडीला. वीतभर लांब, चंदेरी. ओल्या हाताने धरून क्षणभर फोटो काढला आणि सोडून दिला. तो कोणता यावर आमच्यात एकमत होईना, म्हणून फोटो त्या भोई गृहस्थांच्या नातवाच्या फोनवर पाठवला. थोड्या वेळाने आजोबांचाच फोन आला. ‘‘कोळस हाय त्यो,’’ ते म्हणाले, आणि लगेच विचारले, ‘‘सोडलात न्हवं?’’ साइक्सच्या यादीतला हा ‘कोलस’.

एका जागी दुसरे ठेवून भागत नाही, हे निसर्गातही दिसते. लोणावळ्याच्या वळवण तलावावर टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकापासून महसीरांची पैदास केली. तिने खुद्रीला आधार दिला, हे मोठेच काम. पण तीच पिल्ले दूर कावेरीतही सोडली गेली. तिथला कुबड असलेला मोठा महसीर मागे हटला आणि खुद्री पसरला. कावेरीतल्या त्या माशाला दीडशे वर्षे लोक गळाला लावत होते, तरी त्याचे शास्त्रीय नाव नक्की झाले ते २०१८ साली, ‘टॉर रेमादेवी’. त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. महसीराच्या जागी महसीर, असा हा हिशेब.

माडीच्या खिडकीतून नदी दिसत नाही, पण भिडे पूल जवळच आहे. पुलाखालच्या पाण्यात टिकतात ते घाण सोसणारे तिलापियासारखे परके मासे. दगडाखालची तीनशेपटी इथे असणे शक्य नाही. तिला स्वच्छ, प्राणवायू असलेले पाणी लागते, आणि म्हणूनच पाणी तपासणारे आधी तिला शोधतात. आमच्या टेबलावर तिच्या प्रतिकृती दर रविवारी तयार होतात. त्या बऱ्या असतात, पण त्या ज्याने वाचायच्या तो वाचक इथल्या नदीत उरलेला नाही. वर्गात ज्याला आम्ही हसलो, त्या लेखनिकाच्या पोथीत निदान खरी माशी होती.

काकांना आता बारीक गळाच्या नेढ्यात दोरा ओवता येत नाही. ते शेजारी बसतात आणि वेढे मोजतात. यंदा आम्ही एम. ए.च्या विद्यार्थ्यांना भाषाविज्ञानाच्या पेपरसाठी एक काम दिले आहे. आपापल्या गावी जाऊन नदीतल्या माशांची नावे विचारायची, सांगणाऱ्याच्या उच्चारासकट लिहून आणायची, आणि तो मासा शेवटचा कधी पाहिला हेही विचारायचे. वही भरत चालली आहे. निम्म्याहून अधिक नावांपुढचा शेवटचा रकाना रिकामा येतो आहे.