रूळ, सांधे आणि गव्हाचा दाणा

लहानशा वस्तूत मोठे जग पाहण्याची ओढ माणसाला फार पूर्वीपासून आहे. दिवाळी जवळ आली की आपल्याकडची मुले अंगणात दगडमाती रचून किल्ला उभारतात, त्यावर अळीव आणि मोहरी पेरतात आणि बोटभर उंचीचे मावळे पहाऱ्यावर ठेवतात. चाकण परिसरातील मुलांना तर संग्रामदुर्ग हाकेच्या अंतरावर आहे. फिरंगोजी नरसाळ्याने १६६० साली शाएस्तेखानाच्या अफाट फौजेला तिथे कसे झुंजवले, हे त्यांना इतिहासाच्या पुस्तकाआधी अशा मातीच्या किल्ल्यावरच समजते. नाताळ जवळ आला की आपल्या घराघरांतून गोठा मांडला जातो. असिसीकर संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो या गावी गवत, बैल आणि गाढव आणून ख्रिस्तजन्माचा देखावा उभा केला. पुढे हाच देखावा लहान होत होत आपल्या मेजावर येऊन बसला. किल्ला काय किंवा गोठा काय, दोन्हींमागची प्रेरणा एकच आहे. जे प्रिय आहे ते डोळ्यांपुढे, हाताच्या अंतरावर असावे, असे माणसाला वाटते.

याच कुळातील एक छंद म्हणजे लघुरेल्वेची मांडणी. या छंदाचा धर्मगुरूशी काय संबंध, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. परंतु सतराव्या शतकात चीनमध्ये सेवा करणारे येशूसंघीय धर्मगुरू फर्डिनंड फेर्बीस्ट यांनी वाफेच्या झोतावर चालणारी सुमारे दोन फूट लांबीची एक गाडी केल्याचे आपल्या लॅटिन ग्रंथात वर्णिले आहे. खऱ्या आगगाडीच्या शतकाहून अधिक काळ आधीची ही हकिकत आहे. पुढे रेल्वे आली आणि पाठोपाठ तिची खेळणीही आली. जर्मनीच्या मेर्कलिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापाचे, एकमेकांना जोडता येणारे रूळ मांडले. तेव्हापासून खेळण्याची मांडणी झाली, कारण आता रुळाला रूळ जोडून ती वाढवता येऊ लागली. आपल्या पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या ध्यासातून लघुरेल्वेचे संग्रहालय उभारले. ते १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले. गाड्या, सिग्नल, पूल आणि दिव्यांनी उजळलेले शहर यांची ती दुनिया ज्यांनी पाहिली नसेल, त्यांनी मुलांसह एकदा अवश्य पाहावी.

आमच्या निघोजे गावाला रेल्वे नाही. इंद्रायणीच्या काठी, देहू आणि आळंदी यांच्या दरम्यान वसलेले हे गाव. जिथे एके काळी शेते होती, तिथे आता वाहननिर्मितीचे कारखाने उभे आहेत. सर्वांत जवळची लोहमार्गाची रेघ म्हणजे नदीपलीकडून, चिंचवड, आकुर्डी, देहूरोडवरून जाणारी पुणे-लोणावळा वाट. तरीसुद्धा इथे भाड्याच्या खोल्यांतून राहणाऱ्या आपल्या बहुतेक ख्रिस्ती कुटुंबांना या पट्ट्यात आणले ते रेल्वेनेच. कोणी जालन्याहून आले, कोणी श्रीरामपूरहून, कोणी रांचीकडून, तर कोणी केरळातून. सणाला गावी जायचे तर तिकीट मिळेल का, हा त्यांचा वर्षातला सर्वांत मोठा प्रश्न असतो. रविवारच्या मिस्सेनंतर भाड्याच्या सभागृहात थांबणाऱ्या मुलांना मी विचारले, की या आगमनकाळात गोठ्याबरोबर आणखी काय करू या? तेव्हा एकमुखाने उत्तर आले, ‘आगगाडी!’ परदेशातून परतलेल्या एका कुटुंबाकडे इंजिन, चार डबे आणि थोडे रूळ पडून होते. त्यांनी ते आनंदाने दिले.

पहिली मांडणी करणाऱ्याने आरंभी मापांचा विचार करावा. ‘एचओ’ या नावाने ओळखले जाणारे माप जगात सर्वाधिक रूढ आहे. त्यात प्रत्येक वस्तू मूळच्या सत्त्याऐंशीपट लहान असते आणि दोन रुळांतील अंतर साडेसोळा मिलीमीटर असते. प्लायवूडचा बाजारात मिळणारा तक्ता आठ बाय चार फुटांचा असतो. या मापाने हिशेब केला तर त्या तक्त्यावर २१२ मीटर लांब आणि १०६ मीटर रुंद एवढेच जग मावते. आमच्या शेजारच्या एखाद्या कारखान्याचे वाहनतळही त्याहून मोठे असेल! आपल्या रेल्वेच्या मोठ्या मार्गावरील अगदी तीव्र वळणाची त्रिज्याही १७५ मीटर असते. ते वळण जसेच्या तसे घ्यायचे तर दोन मीटर त्रिज्या आणि चार मीटर रुंदीचे मेज लागेल. आमच्या तक्त्यावर जेमतेम ४६ सेंटिमीटर त्रिज्येचे वळण बसले. चोवीस डब्यांची पूर्ण गाडी या मापात सहा मीटरांहून लांब होते, आणि आमचा सगळा फेरा साडेपाच मीटरांचा. म्हणजे इंजिनाने आपल्याच शेवटच्या डब्याला गाठले असते. चार डब्यांवर संतोष मानणे त्यामुळे सोपे गेले.

म्हणून नवख्याने एकच लंबवर्तुळ आणि त्याला फुटणारा एक बाजूचा रूळ, एवढ्यावरच थांबावे, हे उत्तम. घाट चढवण्याचा मोह प्रत्येकालाच होतो. परंतु एका मार्गावरून दुसरा नेण्यासाठी गाडीला साडेसात सेंटिमीटर तरी उंची गाठावी लागते. बोरघाटाइतका, म्हणजे सदतिसास एक असा चढ दिला, तरी त्यासाठी पावणेतीन मीटर लांबी लागते आणि उतरायला पुन्हा तेवढीच. आम्ही घाट मागच्या पडद्यावर रंगवला आणि गाडी सपाटीवर ठेवली.

खरी परीक्षा विजेची असते. बारा व्होल्टांचा प्रवाह एका रुळातून जातो आणि इंजिनातील मोटार फिरवून दुसऱ्या रुळातून परततो. दिशा उलटवली की गाडी मागे चालू लागते. तत्त्व इतके सोपे, परंतु रूळ जिथे एकमेकांना जोडलेले असतात, तिथली पट्टी थोडी सैल असली किंवा तिच्यावर गंज चढला की प्रवाह क्षीण होतो. आमची गाडी पहिल्या दिवशी स्थानकातून डौलाने निघे आणि दूरच्या वळणावर जाऊन थबके. सर्वांच्या मते इंजिन बिघडले होते.

दोष सापडला तो आमच्यातील एका तरुणाला. मोटारींच्या वायरिंगचे काम करणाऱ्या एका कारखान्यात तो कंत्राटी कामगार होता. मुदत संपल्यामुळे नोव्हेंबरात त्याचे काम सुटले होते. घरी अजून कळवलेले नव्हते. मिस्सेला तो शेवटच्या बाकावर बसे आणि आशीर्वादाआधीच निघून जाई. गाडी अडल्याचे त्याच्या कानावर आले, तेव्हा तो मीटर घेऊन आला. गुडघ्यांवर बसून त्याने एकेक सांधा तपासला आणि म्हणाला, ‘‘फादर, इंजिनाला काही झालेलं नाही. त्याच्यापर्यंत पोचतच नाही.’’ त्याने तक्त्याखालून चार ठिकाणी तारा नेऊन रुळांना डाख दिला. मग गाडी न अडखळता फिरू लागली. त्यानंतर आगमनकाळातील एकही संध्याकाळ त्याने चुकवली नाही. मुलांना डाख द्यायला शिकवले, स्पिरिटच्या फडक्याने रूळ पुसायला शिकवले, आणि एके दिवशी गावी फोन करून वडिलांना खरे ते सांगितले. नंतर त्याला काम मिळाले. तेही कंत्राटीच आहे. परंतु आता तो शेवटच्या बाकावर बसत नाही. त्याचे ते वाक्य मात्र माझ्या मनातून जात नाही. धर्मग्रामात एखादा माणूस थबकलेला दिसला की आपण त्याच्यातच दोष शोधू लागतो. त्याच्यापर्यंत काही पोहोचते आहे का, हे पाहण्यासाठी गुडघ्यांवर बसावे लागते.

सजावटीचा खर्च नगण्य आला. यंत्रांच्या खोक्यांतील थर्मोकोलचे डोंगर झाले. चाळलेली बारीक वाळू पातळ फेव्हिकॉलने बसवून रुळांखालची खडी केली. वाळवलेल्या चहाच्या चोथ्याची माती, रंगवलेल्या लाकडी भुशाचे गवत आणि वाळक्या घोसाळ्याच्या जाळीची झाडे. किल्ल्यासारखे अळीव पेरू या, असा आग्रह काही मुलांनी धरला होता. पण पाण्याने प्लायवूड फुगते आणि रुळांवर गंज चढतो, हे समजल्यावर तो मागे पडला.

खडाजंगी झाली ती काय ठेवायचे आणि काय वगळायचे यावर. जागा इतकी थोडी की एक वस्तू ठेवायची म्हणजे दुसरीला नकार द्यायचा. स्थानक आणि चर्च यांविषयी दुमत नव्हते. कोणी कारखान्याची चिमणी सुचवली, कोणी किल्ला. तेवढ्यात दुसऱ्या पाळीत काम करणारे एक गृहस्थ म्हणाले, ‘‘फादर, कंपनीच्या बसचा थांबा पाहिजेच. माझा मुलगा मला तिथंच भेटतो.’’ मुलगा शाळेतून येतो तेव्हा वडील कामाला निघालेले असतात आणि वडील परततात तेव्हा मुलगा झोपलेला असतो. बसथांब्यावरची पाच मिनिटे हाच त्यांचा सहवास. त्यानंतर किल्ल्याचा विषय कोणी काढला नाही. थांबा झाला. त्याच्यामागे पत्र्याच्या छपरांच्या भाड्याच्या खोल्यांची रांग झाली, दोरीवरच्या कपड्यांसकट. एका मुलीने इंद्रायणी निळीशार रंगवली. आता नदीचा रंग असा कुठे राहिला आहे, असे एका काकांनी तिला म्हटले. ती म्हणाली, ‘‘ही बरी झालेली इंद्रायणी आहे.’’

स्थानकाच्या नावावरून वाद होणार हे उघडच होते. म्हणून पाटी रिकामी ठेवली आणि तिच्यात सरकवता येतील अशा चिठ्ठ्या केल्या. ज्या कुटुंबाची पाळी, त्याचे स्थानक. एका रविवारी जालना, एका रविवारी रांची, एका रविवारी कोट्टयम. हरेगावच्या मतमाऊलीच्या यात्रेला जाणारे जिथे उतरतात, ते बेलापूरही येऊन गेले. गाडी त्याच साडेपाच मीटरांत फिरत होती. तरी आपल्या गावाची पाटी समोरून जाताना एका आजींनी डोळ्यांना पदर लावला.

पडद्यावरच्या बोरघाटाने मुलांना आणखी एक गोष्ट शिकवली. १८६३ साली हा लोहमार्ग सुरू झाला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आल्यावर थोड्याच काळात मरण पावले आणि त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी ते काम पुढे चालवले. अभियंता जेम्स बर्कले यांचेही नाव इतिहासात राहिले. परंतु काम जोरात असताना एका वेळी चाळीस हजारांवर मजूर तिथे राबत होते, आणि साथीच्या रोगांनी व अपघातांनी त्यांतील हजारो दगावले. त्यांची नावे कोणी जपली नाहीत. हे ऐकून मुलांनी पडद्याच्या पायथ्याशी डोक्यावर पाट्या घेतलेल्या माणसांची एक रांग उभी केली. या मापात माणूस अवघा दोन सेंटिमीटरांचा होतो. काडीला मेण लावून केलेली ती माणसे पाहणाऱ्याला वाकल्याशिवाय दिसत नाहीत.

शेवटी प्रश्न उरला गोठ्याचा. तो चर्चसमोर असावा, असे मोठ्यांचे मत. मुलांनी तो खोल्यांच्या रांगेत, शेवटच्या खोलीच्या पडवीत मांडला. योसेफ आणि मरिया हेही नाव नोंदवण्यासाठी परगावी आलेले आणि जागा न मिळालेले जोडपे होते, हे त्यांना वेगळे शिकवावे लागले नाही. बाळ येशूचे माप काढले तेव्हा ते सहा मिलीमीटरांपेक्षाही कमी आले. इतकी लहान मूर्ती घडवणार कोण? एका आईने डब्यातून गव्हाचा दाणा काढून गवतावर ठेवला. तो मापात चपखल बसला. जो प्रभू वेदीवर भाकरीच्या रूपाने आपल्या हाती येतो, त्याच्यासाठी याहून योग्य रूप मला तरी सुचले नसते.

वाचकहो, येत्या नाताळात आपल्या धर्मग्रामात असा एखादा तक्ता जरूर मांडून पाहा. खरी गाडी नसेल तर पुठ्ठ्याची करा. मापे काटेकोर घ्या, प्रत्येक सांधा तपासा आणि काय वगळायचे हे ठरवताना घाई करू नका. आठ बाय चार फुटांत सगळे जग मावत नाही. म्हणूनच त्यात कोणाला जागा दिली, यावरून आपण कोण आहोत ते कळते.