पोथीतला हिंगूळ आणि पडद्यावरचे रंग

जुन्या कागदी पोथ्यांचे लेखनिक रंगाच्या बाबतीत मोठे कंजूष. काजळाच्या शाईने, शब्दांत अंतर न सोडता, सलग ओळी लिहायच्या. हिंगुळाचा लाल रंग राखून ठेवायचा तो दंडासाठी, श्लोकाच्या वा ओवीच्या अंकासाठी, ‘उवाच’ सारख्या वक्ता सांगणाऱ्या शब्दासाठी आणि अध्यायाअखेरच्या पुष्पिकेसाठी. चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ फासत. आपला वाक्प्रचार तिथलाच. (सोनेरी-रुपेरी शाईतल्या कल्पसूत्राच्या जैन पोथ्यांचा थाट निराळा, पण त्या वाचण्याइतक्याच पाहण्यासाठीही होत्या.) काळ्या मजकुरात बोटभर लाल दिसले की डोळा तिथे आपोआप थांबतो.

एका ओवीबद्ध पोथीची संगणकीय संहिता तयार करताना आम्हांला या कंजूषपणाची वारंवार आठवण होते. हे काम आम्ही १९८७ साली सुरू झालेल्या ‘टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह’च्या पद्धतीने करतो. ओवी कुठे सुरू होते, पाठभेद कोणता, पान कुठे उलटते, हे सारे मजकुरातच खुणांनी नोंदवायचे. त्यासाठी प्रोग्रॅमर मंडळी वापरतात तोच एडिटर वापरावा लागतो, आणि तिथे रंगपंचमी चाललेली असते. खुणेचे नाव निळे, तिचा गुणधर्म जांभळा, त्याचे मूल्य नारिंगी. बिनरंगाची राहते ती एकटी ओवी!

याचे कारण सरळ आहे. एडिटरला जे सहज ओळखता येते त्याला तो रंग देतो. वाचणाऱ्याला काय हवे आहे हा विचार त्यात नाही. सर्वांत खटकते ती टिपणांची अवस्था. प्रोग्रॅममध्ये काय किंवा संहितेत काय, टिपण म्हणजे एका माणसाने दुसऱ्या माणसासाठी लिहिलेला मजकूर, आणि बहुतेक रंगयोजनांत त्यालाच करडा किंवा फिकट रंग मिळतो. ‘येथे पान फाटले आहे, पुढील दोन अक्षरे अंदाजाने’ हे टिपण करड्यात बुडाले, तर अंदाजाची अक्षरे कवीची म्हणून छापली जातील. पाठचिकित्सेत याहून मोठा अनर्थ तो कोणता?

प्रोग्रॅमरांतही या उधळपट्टीला कंटाळलेले लोक आहेत. रॉब पाइक यांच्या ‘अ‍ॅक्मी’ या एडिटरमध्ये प्रोग्रॅमच्या शब्दांना रंग देण्याची सोयच नाही. निकिता प्रोकोपोव्ह यांच्या ‘अ‍ॅलाबास्टर’ या रंगयोजनेत मोजक्या चारच गोष्टींना रंग आहे: अवतरणांतला मजकूर, स्थिर मूल्ये, मुख्य व्याख्या आणि टिपणे. ‘इफ’, ‘रिटर्न’ सारखे शब्द ओळखू येतातच; त्यांना रंगवून काय साधायचे? आमच्या वर्गात हायलायटरने पानभर पिवळी केलेली पाठ्यपुस्तके पाहिली की हाच प्रश्न विचारावासा वाटतो.

आता आमच्या पडद्यावर सर्व खुणा करड्या आहेत, ओवी काळी, पाठभेद निळा आणि टिपणे ठसठशीत लाल. दिवसभर वाचून डोळे कमी शिणतात, हा वरचा लाभ. ओवीच्या अंकांबाबत मात्र आमच्यात अद्याप मतभेद आहे. मूळ लेखनिकाने त्यांना हिंगूळ दिला, तेव्हा आपणही द्यावा, असे आमच्यापैकी एकाचे म्हणणे. दुसऱ्याच्या मते त्याच्या पानावर ओळी सलग होत्या. इथे प्रत्येक ओवी नव्या ओळीवर आहे, मग अंकाला लाल कशाला? तूर्त अंक काळेच आहेत.